भुंग्याचं उलटं मराठी

जंगलखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "मग वाघ?" दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं. मी वाघ एकदाच पाहिला, तोही पाठमोरा. तो खिंडीच्या पलीकडे निघाला होता आणि मी अलीकडे. दोघांनाही घाई होती, त्यामुळे ओळख वाढली नाही.

माझं सगळं आयुष्य गेलं ते कुत्र्यांच्या मागे. त्या काळी भोर संस्थान होतं, आणि तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्या माझ्या हद्दीत होत्या. मी भोर गावातला, चार बुकं शिकलेला, अंगात खाकी कोट आणि पायात नवे जोडे. माझं काम काय, तर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत जनावरांच्या माद्या गाभण असतात किंवा पाडसं अंगावर असतात, त्या बंदीच्या महिन्यांत कुणी कुत्री घालून शिकार करू नये हे बघायचं. बंदूकवाला सापडणं सोपं. बंदुकीचा आवाज होतो आणि ती धोतरात लपत नाही. कुत्र्याचं तसं नाही. कुत्रा सशामागे सुटला की मालक म्हणतो, त्याचं ते गेलं, मी काय करू? कुत्र्याला विचारायची सोय नसते.

यावर खात्यानं पहिला उपाय काढला तो लोढण्याचा. लोढणं म्हणजे गळ्यात अडकवायचा लाकडी ओंडका. धावायला लागलं की तो पायात येतो. बंदीच्या महिन्यांत रानालगतच्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात लोढणं हवं, असा हुकूम निघाला. मी वाडीवाडीत दवंडी दिली. पुढच्या फेरीला गेलो तर एकजात सगळ्या कुत्र्यांच्या गळ्यात हे एवढाले ओंडके! मला भरून आलं. इतका आज्ञाधारक मुलूख मी पाहिला नव्हता. मग एक कुत्रा तो ओंडका घेऊन माझ्या डोळ्यांदेखत दगडी गडग्यावरून उडी मारून गेला. ओंडका उचलून बघितला तर करंगळीवर पेलला. सगळ्यांनी पांगाऱ्याचं लाकूड लावलं होतं, जे वाळलं की कापसासारखं हलकं होतं. हुकमात लोढण्याची लांबी होती, जाडी होती, वजन लिहायचं राहून गेलं होतं.

दुसरं कलम आलं ते भोरातल्या एका वकीलसाहेबांच्या कृपेनं. त्यांनी पुण्याहून लांब कानांचा एक विलायती कुत्रा आणला, त्याचं नाव मेजर. रीतसर परवाना काढून ते मेजरला बैलगाडीतून शिकारीला घेऊन गेले. जाळीतून डुक्कर बाहेर पडलं तसा मेजर वकीलसाहेबांच्या खांद्यावर चढला आणि घरी पोचेपर्यंत उतरला नाही. हाच मेजर पुढे ऐन बंदीत एका मोरामागे धावला आणि वकीलसाहेबांवर खटला आला. त्यांनी मोठी तक्रार केली. आपण कुत्र्यास "कम बॅक, कम बॅक" असा आक्रोश करीत होतो, तरी आपणांस दोषी धरणे हा अन्याय आहे! वकिलाशी कोण भांडणार? नियमात भर पडली. कुत्रा जनावरामागे सुटला आणि मालकानं मोठ्यानं हाक मारून त्याला माघारी बोलावलं, तर मालकाकडे दोष नाही. पण मालकानं "छू" म्हणून कुत्रा मुद्दाम घातला, तर मालकाला शिक्षा आणि कुत्र्याला गोळी.

हे कलम मी दवंडीनं वाडीवाडीत समजावून सांगितलं. सगळ्यांत पुढे बसून, मान हलवत, पुन्हा पुन्हा विचारून ते ज्यानं समजून घेतलं, तो केरबा.

केरबा तात्या म्हणजे काटकुळा, मिशा पिकलेला, बोलायला गोड माणूस. डोंगरउताराला त्याची नाचणी-वरईची शेतं होती आणि डुकरं ती नांगरल्यासारखी उलथून टाकत. त्याचा कुत्रा भुंग्या. काळाकुळकुळीत, पोट पाठीला लागलेलं, एक कान फाटका. असा कुत्रा मी पुन्हा पाहिला नाही. बाकीची कुत्री जनावर दिसलं की गाव गोळा करतात. भुंग्या अवाक्षर न काढता जायचा आणि जनावर अडवून धरायचा.

"आमचं कुत्रं राखनीचं हाय, सायेब. शिकारीचं न्हाई," केरबा मला सांगायचा.

"राखणीचं कुत्रं डोंगराच्या माथ्यावर काय राखतं, तात्या?"

"डोंगूर," केरबा म्हणायचा.

पहिल्यांदा मी त्याला पकडला तेव्हा मला वाटलं, आज गाठलाच. भुंग्या एका डुकराच्या मागे उतारावरून सुटला होता आणि केरबा वर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "थांब! भुंग्या, थांब रं! माघारी ये! यू यू यू!" कुत्रा ऐकेना. केरबा जितका ओरडे, तितका भुंग्या जोरात. मला पाहिल्यावर केरबानं कपाळाला हात लावला. "बगा की, सायेब. नरडं सुकलं वरडून. कुत्रं ऐकत न्हाई, म्या काय करू?"

कलम स्पष्ट होतं. मालकानं मोठ्यानं हाक मारलेली, आणि ऐकणारा साक्षीदार मी स्वतः. मी हात हलवत परत आलो. असं पुन्हा पुन्हा झालं. दर वेळी केरबा घसा फोडून ओरडत असे आणि दर वेळी शेवटी कपाळाला हात लावून म्हणे, "कुत्रं ऐकत न्हाई, सायेब." मला त्याची दयासुद्धा येऊ लागली. इतकं हट्टी कुत्रं आणि इतका कायदा पाळणारा मालक!

दया उतरली ती त्याच्याच ओसरीवर. त्या घरात एक गोष्ट मला खटकत असे. तिथे कुणीच कुणाला "थांब" म्हणत नसे. केरबाची बायको ठकूकाकू मुलांना "दम धर" म्हणे, बैलाला "हो" म्हणे, पाव्हण्याला "ऱ्हावा जरा" म्हणे. मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल एखाद्या घराची. एकदा मी जायला उठलो आणि काकूंच्या माहेरहून आलेली त्यांची बहीण आतून म्हणाली, "थांबा की भाऊ, ताक घेऊन जावा." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या पायाशी झोपलेला भुंग्या उभा राहिला आणि समोर जे पहिलं पळण्यासारखं दिसलं, म्हणजे शेजाऱ्याची शेळी, तिच्या मागे सुटला. आणि ठकूकाकू, हातात पीठ, दारात येऊन किंचाळल्या, "छू! भुंग्या, छू मेल्या!"

भुंग्या जागच्या जागी वळला, शेपूट घालून आला आणि चुलीपाशी जाऊन बसला.

मी केरबाकडे पाहिलं. केरबा आढ्याकडे पाहत होता.

"तात्या," मी म्हणालो, "हे काय?"

"काय?"

"ह्याला थांब म्हटलं की पळतो आणि छू म्हटलं की येतो?"

केरबानं मिशीवरून हात फिरवला. "पिलू व्हता तवाच तसं लागलं बगा त्येला."

"आणि यू यू?"

"यू यू म्हंजी आनिक जोरात," केरबा कबूल झाला. "माघारी बोलवायचं जेवढं शबूद हायती, तेवढं सगळं पुढं धाडायला लावलं. न्हाई म्हंजी, तुमीच दवंडीत सांगितलं व्हतं, वरडून बोलवाया लागतं म्हून." आणि मग अगदी निरागसपणे, "कुत्र्याला मराठी उलटं शिकीवलं तर त्येला कंचं कलम लागतं, सायेब?"

मी कलम आठवून पाहिलं. नव्हतं. रागानं मी तांबडा झालो होतो, पण खरं सांगतो, आतून हसू फुटत होतं. रिपोर्ट करावा तर लिहायचं काय? 'सदर कुत्र्यास मराठी उलट येते' असं लिहिलं असतं तर खात्यानं माझीच तब्येत तपासली असती. "एक दिवस पुराव्यासकट धरीन," असं बजावून मी ताक न घेताच निघालो.

केरबा मला उतारापर्यंत पोचवायला आला. वाटेत म्हणाला, "एक गोष्ट मातुर सांगतो, सायेब. डुकरावर घालतो, कारन त्ये माझं प्वाट खातंय. पन पोटुशी मादीवर भुंग्याला म्या कदी घातला न्हाई. आमच्या बापानं घातला न्हाई. तुमच्या कायद्याच्या आदीचं हाय हे."

त्याचं हे बोलणं खरं होतं. रानातली जुनी माणसं ते पाळत. मलाच ते मान्य करायला जड गेलं, कारण मग माझ्या कोटाला अर्थ काय उरत होता?

पुढच्याच श्रावणात आमचे अंमलदार फिरतीवर आले. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. शिस्तीचे, सोवळ्यात वाढलेले, आवाज खणखणीत. वेल्ह्याकडून तक्रारी गेल्या होत्या की बंदीत कुत्री मोकाट आहेत. रावसाहेबांनी बंदूक बरोबर घेतली होती आणि येतानाच जाहीर केलं होतं, "दिसेल त्या सुटलेल्या कुत्र्याला मी स्वतः गोळी घालणार. एकाला घातली की बाकीचे नियम शिकतात." कोण शिकतात, कुत्री की मालक, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

उघडीप पडली होती. आम्ही माळ चढून गेलो तर वर केरबा गुरं घेऊन उभा, शेजारी भुंग्या. केरबानं रामराम केला. रावसाहेब त्याला लोढण्याबद्दल विचारणार, एवढ्यात करवंदीच्या जाळीतून एक भेकर उठलं. मादी होती. पोट चांगलं दिसून येत होतं, पळणंही जड होतं. ती उतारानं निघाली आणि कुणी एक शब्द न बोलता भुंग्या तिच्यामागे सुटला. सगळी शिकवण बाजूला राहिली, कुत्रा तो कुत्राच.

रावसाहेबांनी बंदूक खांद्याला लावली.

केरबाचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. एका बाजूला गाभण भेकर, दुसऱ्या बाजूला बंदूक, आणि तोंडातून शब्द काढायची चोरी. थांबवायचं तर "छू" म्हणायला हवं, आणि साहेबासमोर "छू" म्हटलं की कलमाप्रमाणे कुत्र्याला गोळीच. तो रावसाहेबांच्या पुढे झाला, हात जोडले आणि ओरडला, "थांबा! सायेब, थांबा! थांबा!"

हे त्यानं साहेबांना म्हटलं होतं. ऐकलं भुंग्यानं. त्यानं असा वेग घेतला की भेकराच्या मागच्या पायाला तोंड लागायचंच बाकी राहिलं.

"थांबा हो!" केरबा रडकुंडीला येऊन पुन्हा म्हणाला. भुंग्या आणखी जोरात.

बंदुकीचा घोडा चढल्याचा आवाज मी ऐकला आणि पुढचं मी केलं असं म्हणण्यापेक्षा झालं असं म्हणणं बरं. अंगात खाकी कोट, छातीवर संस्थानचा बिल्ला, आणि मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन सगळ्या माळाला ऐकू जाईल असा ओरडलो, "छू! भुंग्या, छू! छू!"

भुंग्या वळला. मान खाली घालून धावत आला आणि माझ्या जोड्यांवर हनुवटी ठेवून धापा टाकत बसला. भेकर जाळीत शिरलं.

रावसाहेबांनी बंदूक खाली घेतली, पण त्यांचं लक्ष कुत्र्याकडे नव्हतंच. "गार्ड," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"छू, साहेब."

"बंदीच्या महिन्यात. गाभण मादीवर. माझ्यासमोर. खात्याच्या गणवेशात."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या चावडीत चौकशी ठरली. माझं नुकतंच लग्न झालं होतं, सासऱ्यांनी मुलगी दिली होती ती या बिल्ल्याकडे बघूनच. नोकरी जाणार हे मला दिसत होतं. खरं सांगून उपयोग नव्हता. 'साहेब, हा कुत्रा छू म्हटल्यावर थांबतो,' हे वाक्य मी मनात खूप घोळवून पाहिलं. दर वेळी ते जास्तच खोटं वाटलं. आणि समजा पटलंच, तर केरबानं कुत्रा मुद्दाम तयार केला हे सिद्ध होणार, म्हणजे भुंग्याला गोळी. मी गप्प बसायचं ठरवलं.

चावडीत गाव लोटलं होतं. रावसाहेब लोडाला न टेकता ताठ बसले होते. त्यांनी मला विचारायला सुरुवात केली, तोच गर्दी बाजूला झाली आणि केरबा आत आला. अंगात धुतलेली बंडी, हातात दोरी, दोरीला भुंग्या.

"सायेब," तो म्हणाला, "गार्डसायबांकडं दोस न्हाई. त्येनी कुत्रं माघारी बोलीवलं."

"छू म्हणून?"

"व्हय जी. म्याच त्येला उलटं शिकीवलंय. थांब म्हंजी पळ, छू म्हंजी ये. कायद्याला फशीवलं म्या." त्यानं दोरी हाताला गुंडाळली. "ह्यो मानूस माज्या कुत्र्यापायी भाकरीला मुकाया नको. कुत्र्याचं काय करायचं त्ये करा. पन माज्या म्होरं करू नगासा, मला आदी घरी जाऊ द्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कोटाच्या बाहीला पुसलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

रावसाहेब मात्र हसले. "आम्हाला काय खुळे समजता? गार्डाला वाचवायला ही कथा रचलीत. मालकानं शिकवल्यावर कुत्रा थांब म्हटल्यावर पळतो?" त्यांनी केरबाच्या हातातली दोरी सोडवली, भुंग्यासमोर बोट धरलं आणि आपल्या खणखणीत आवाजात आज्ञा केली, "थांब!"

चावडीच्या अंगणात पाटलांचा कोंबडा होता. भलामोठा, तांबडा, पाटलांचा फार लाडका. भुंग्या रावसाहेबांच्या मांडीवरून, शाईच्या दौतीवरून, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांवरून अंगणात उतरला.

"अरे, थांब!" रावसाहेब ओरडले. भुंग्याला दुप्पट हुरूप आला.

"थांबवा! थांबवा त्येला!" पाटील ओरडले.

मग सगळं गावच ओरडायला लागलं. थांब, थांब रं, यू यू, माघारी ये! भुंग्याच्या जन्मात त्याला कुणी इतक्या एकमुखानं शिकारीला धाडलं नव्हतं. कोंबडा मारुतीच्या देवळाभोवती, भुंग्या त्याच्यामागे, पाटील भुंग्यामागे, पाटलांचं पागोटं वाटेत. पिसं उडत होती. कोंबडा चावडीच्या पायरीशी कोंडला गेला, भुंग्यानं तोंड उघडलं, आणि रावसाहेब धोतर सावरत चावडीच्या दारात आले, दोन्ही हात वर केले आणि सगळ्या वेल्ह्याला ऐकू जाईल असे गरजले,

"छू! छू! अरे छू!"

भुंग्या थांबला. वळून पायऱ्या चढला आणि रावसाहेबांच्या पायांवर हनुवटी ठेवून बसला.

बराच वेळ फक्त कोंबडा बोलत होता. रावसाहेबांचे हात अजून वरच होते. ते हळूहळू खाली आले. बंदीचा महिना, सरकारी चावडी, सगळं गाव साक्षीला. त्यांनी गावाकडे पाहिलं.

"कुणी काही ऐकलं?" त्यांनी विचारलं.

केरबा सगळ्यांत आधी बोलला. "कोंबड्याच्या वरडन्यात काय ऐकू येतंय, सायेब?"

रावसाहेब आत जाऊन बसले आणि निकाल सांगितला. मालकानं "छू" म्हटल्याचं कुठेच दिसून येत नाही. ज्यांनी म्हटलं ते इसम खात्यातलेच असून, त्यांनी ते कुत्रं आवरण्यासाठी म्हटलं असं प्रत्यक्ष पाहणीत आढळलं. सबब गोळीचं कारण नाही, गार्डाकडे दोष नाही. मात्र मालकानं कुत्र्यास दिवाळीपर्यंत सरळ मराठी शिकवावं आणि गार्डानं त्यावर देखरेख ठेवावी.

तेव्हापासून दर फेरीला मी केरबाच्या ओसरीवर कुत्र्याची शिकवणी घेऊ लागलो. भाकरीचा तुकडा दाखवून "यू यू" म्हणायचो, भुंग्या डोंगरावर जायचा. मी "छू" म्हणून त्याला परत आणायचो आणि पहिल्यापासून सुरू. दिवाळी आली, गेली, कितीक दिवाळ्या गेल्या. भुंग्या सुधारला नाही, मी मात्र बिघडलो. एकदा भोरात बायको विहिरीवर निघाली होती, तिला थांबवायला मी "छू" म्हणालो. दोन दिवस घरात अबोला होता. केरबानं मात्र त्या चौकशीनंतर भुंग्याला बंदीत कधी मोकळा सोडला नाही. गळ्यात लोढणं घातलं, आणि ते बाभळीचं, मी स्वतः उचलून पाहिलं.

संस्थान विलीन झालं, त्या वर्षी आमचे बिल्ले बदलले. नवा बिल्ला दाखवायला मी तोरण्याकडे गेलो. भुंग्या ओसरीवर पडून होता. तोंड पांढरं झालेलं, डोळ्यांवर पडदा आलेला. दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं. केरबाही वाकला होता. त्यानं लोढणं सोडून कोपऱ्यात ठेवलं होतं.

भुंग्यानं पाय झाडले, झोपेत पळाल्यासारखे. ठकूकाकूंना राहवलं नाही. इतक्या वर्षांची सवय विसरून त्या म्हणाल्या, "थांब रं बाबा, थांब." तशी त्या म्हाताऱ्या कुत्र्यानं मान उचलली, डोंगराकडे केली आणि पाय जोरानं हलवले.

केरबा खाली वाकला, फाटक्या कानाशी तोंड नेलं आणि मला ऐकू येईल न येईल असा म्हणाला, "छू. भुंग्या, छू रं. छू."

पाय हलायचे राहिले. भुंग्या वळला नाही.

केरबा तसाच बसून राहिला. मग त्यानं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वर बघून म्हणाला, "बगा, सायेब. कुत्रं ऐकत न्हाई, म्या काय करू?"